आकड्याचं कूळ विचारावं

एकाच पोलादी गजातून कापलेले दोन तुकडे दोन प्रयोगशाळांत ताणून तोडले गेले. एकीचा अहवाल आला: वाढ १६ टक्के. दुसरीचा आला: १७.५ टक्के. ग्राहकाची अट किमान १७ टक्क्यांची. म्हणजे माल एका कागदावर पास आणि दुसऱ्यावर नापास. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आणि तिला जोडून मशीन शॉप चालवणाऱ्या एका मामांच्या टेबलावर हे दोन्ही कागद शेजारी शेजारी पडले होते. समोर जर्मनीहून सुट्टीवर आलेली भाची बसली होती. मामांची हयात लोखंड ओतण्यात गेली. भाची पुण्यात मेटलर्जी शिकली आणि आता धातूंबद्दलच्या माहितीवर काम करते. तिने प्रत्यक्ष धातूला हात लावून बरेच दिवस झाले, असं मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

"दोघांतला एक खोटं बोलतोय," मामा म्हणाले.

"दोघंही खरं बोलतायत. तुम्ही गेज लेंग्थ बघितली का?"

प्रकार असा असतो. ताणाच्या चाचणीत गजावर आधी दोन खुणा करतात, गज तुटला की दोन्ही तुकडे जुळवून त्या खुणांमधलं अंतर किती वाढलं ते मोजतात. पण गज सगळीकडे सारखा ताणला जात नाही. तुटण्याआधी एका जागी त्याची मान बारीक होते आणि शेवटची बरीचशी वाढ त्या मानेतच होते. खुणा जवळ असतील तर त्या मानेचा वाटा मोठा दिसतो आणि टक्केवारी फुगते. अमेरिकी पद्धतीत खुणांमधलं अंतर व्यासाच्या चौपट, आंतरराष्ट्रीय पद्धतीत पाचपट. एका पद्धतीचा आकडा दुसरीत कसा बदलायचा यासाठी आयएसओ २५६६ नावाचं आख्खं मानक आहे. कार्बन पोलादासाठी त्यातलं सूत्र लावलं तर पाचपटीतले १६ टक्के चौपटीत साधारण साडेसतराच होतात. म्हणजे गज एकच, मोजमाप दोन्हीकडे प्रामाणिक आणि कागद मात्र एकमेकांच्या विरोधात.

"मग एक फोन लावायचा," मामा म्हणाले. "कुठल्या पद्धतीनं केलंत, विचारायचं. पाच मिनिटांचं काम. त्यासाठी तुमच्यासारख्या शंभर पीएचडी कशाला बसवून ठेवल्यात जर्मनीत?"

"फोन उचलायला माणूस आहे तोवर ठीक आहे, मामा. उद्या कुणी असे दहा हजार अहवाल एकत्र करून सॉफ्टवेअरला खाऊ घातले, की हा १६ आणि तो १७.५ एकाच रकान्यात जाऊन बसणार. तिथं फोन कोण लावणार?"

वादाचं मूळ इथेच आहे. मटेरियल सायन्समध्ये गेली काही वर्षं 'सिमँटिक' तंत्रज्ञानाचा बोलबाला आहे. त्यात मुळात एवढंच करायचं असतं: आकड्यासोबत त्याची सगळी हकिगत यंत्राला वाचता येईल अशा रूपात बांधून ठेवायची. तुकडा कुठून कापला, कोणत्या यंत्रावर ताणला, खुणा किती अंतरावर होत्या, कोणतं मानक पाळलं. प्रत्येक गोष्टीला एक कायमचा पत्ता आणि दोन गोष्टींमधल्या प्रत्येक नात्याला ठरलेलं नाव. 'हा तुकडा – कापला गेला – त्या गजातून.' 'तो गज – बनला – अमुक हीटपासून', म्हणजे भट्टीतल्या अमुक वितळणीपासून. अशी छोटी छोटी विधानं लाखोंनी जोडली की जे जाळं तयार होतं त्याला नॉलेज ग्राफ म्हणतात. त्या जाळ्यात कोणत्या प्रकारच्या गोष्टी असू शकतात आणि त्यांच्यात कोणती नाती चालतात, याचा आराखडा म्हणजे ऑन्टॉलॉजी. विधानं लिहिण्याची आरडीएफ ही पद्धत वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने १९९९ मध्ये पक्की केली आणि आराखड्यांसाठीची ओडब्ल्यूएल ही भाषा २००४ मध्ये. जर्मनीत २०१९ पासून 'प्लॅटफॉर्म मटेरियलडिजिटल' नावाचा सरकारी पैशावर चालणारा उपक्रम हेच धातू, काच, सिमेंट यांच्यासाठी करतो आहे. बर्लिनच्या बाम या संस्थेतल्या लोकांनी तर फक्त ताणाच्या चाचणीसाठी वेगळी ऑन्टॉलॉजी लिहिली आहे.

"एका चाचणीसाठी?" मामांना हसू आवरेना. "अगं, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात."

"आकडा ऋषी नाही. त्याचं कूळ विचारलंच पाहिजे."

मामांच्या केबिनमध्ये काचेखाली एक तक्ता आहे. असा तक्ता पुणे-कोल्हापूर पट्ट्यातल्या बहुतेक वर्कशॉपमध्ये सापडेल. डावीकडे ईएन ८, ईएन १९, ईएन २४. त्यांच्यापुढे भारतीय, अमेरिकी, जर्मन 'इक्विव्हॅलंट'. ही ईएन नावं दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश मानकातली. खुद्द ब्रिटनने ती कधीच मागे टाकली, ईएन ८ चं ०८०एम४० केलं. आपल्याकडे पोलादवाल्याला फोन केला तर आजही 'ईएन एट आहे का' असंच विचारतात. दरम्यान युरोपने आपल्या सगळ्या मानकांना ईएन हीच अक्षरं लावली. माणसाचा गोंधळ होत नाही, कारण तो संदर्भाने ओळखतो. यंत्राला संदर्भ कुणीतरी द्यावा लागतो.

"ते समजलं," मामा म्हणाले. "मग हा तक्ताच कॉम्प्युटरमध्ये घाला. झालं तुमचं सिमँटिक."

इथे भाचीने तक्त्यावरच बोट ठेवलं. एसजी ५००/७ या ओतीव लोखंडाच्या ओळीत अमेरिकी ८०-५५-०६ लिहिलं होतं. पहिल्याची किमान ताकद ५०० मेगापास्कल आणि वाढ ७ टक्के. दुसऱ्याचे ८० म्हणजे ८० हजार पौंड दर चौरस इंचाला, म्हणजे ५५० मेगापास्कलच्या जरा वर. वाढ ६ टक्के. अमेरिकी ग्राहकाला ५००/७ चा काठावर पास झालेला माल पाठवला तर तो तिकडे नापास होईल. दोन्ही ग्रेड सख्ख्या भावंडांसारखे आहेत, एकच नाहीत. शब्दसंग्रहांसाठीच्या एसकेओएस या मानकात 'तंतोतंत तेच' आणि 'जवळपास तेच' अशी दोन वेगळी नाती ठेवली आहेत ती याचसाठी. काचेखालच्या तक्त्यात मात्र सगळ्यांच्या मध्ये बरोबरीचंच चिन्ह असतं.

मामा तक्त्याकडे बघत राहिले. नापास माल परत येण्याचा अनुभव त्यांना नवा नाही. पण ते काही सहज हरणारे नव्हेत.

"कबूल. पण तू म्हणतेस ते ज्ञान नव्हे, ती हिशेबवही आहे. आमच्याकडं एक मिस्त्री होते. पाचर ओतायचे, निवली की हातोड्यानं मोडायचे, मोडलेल्या टोकाला पांढरा पट्टा किती आलाय ते बघून सांगायचे, अजून थोडं सिलिकॉन टाका. स्पेक्ट्रोमीटर आल्यावर आम्ही त्यांचं बोलणं पडताळून बघायचो, फरक पडायचा नाही. ते रिटायर झाले. त्यांच्या डोळ्यात काय होतं ते तुझ्या कुठल्या रकान्यात लिहू? कुस्तीचे डाव वाचून खासबागेत कुणी पैलवान झालाय का?"

खरं तर पाचरीची चाचणी जगभर चालते आणि पांढऱ्या पट्ट्याची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिताही येते. पण मामांचा रोख पट्ट्यावर नव्हता. मिस्त्री पट्ट्याबरोबर आणखीही काही बघत असणार: रसाच्या पृष्ठभागाची हालचाल, ठिणग्या, त्या दिवशीचं भंगार. विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं.

मामांनी आणखी लांबचा दाखला काढला. दक्षिण भारतात मुशीत शिजवलेलं वुट्झ पोलाद शतकानुशतकं पश्चिम आशियात जायचं आणि त्याच्या तलवारींवर पाण्यासारखी नक्षी उमटायची. पुढे ती कला गेली. अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हेरहोवेन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी ते पोलाद पुन्हा बनवून दाखवलं आणि १९९८ च्या सुमारास मांडलं, की नक्षीच्या मागे धातुकात आपसूक असलेलं व्हॅनेडियमसारखं मूलद्रव्य होतं, आणि तेही हजारात एक भागापेक्षा कमी. ती खाण बदलली आणि नक्षी गेली. "लोहारानं सगळी कृती अगदी बिनचूक लिहून ठेवली असती," मामा म्हणाले, "तरी व्हॅनेडियम लिहिलं नसतं. त्याला माहीतच नव्हतं. जे ठाऊक नाही ते तुझं जाळं पकडणार कसं?"

भाचीला बहुधा याच प्रश्नाची वाट होती. तिने फॉगबँकची गोष्ट काढली. मामांनी ती ऐकलेली नव्हती.

फॉगबँक हे अमेरिकेच्या पाणबुड्यांवरच्या डब्ल्यू७६ या अण्वस्त्रातल्या एका पदार्थाचं सांकेतिक नाव. तो नक्की कशाचा बनतो हे आजही गुप्त आहे. टेनेसीतल्या ओक रिजच्या वाय-१२ कारखान्यात तो १९७५ पासून १९८९ पर्यंत बनला. मग उत्पादन थांबलं, कारखाना मोडीत निघाला. पुढे या अस्त्रांचं आयुष्य वाढवायचं ठरलं तेव्हा लक्षात आलं की फॉगबँक परत बनवता येत नाही. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या संस्थेने २००९ च्या अहवालात कारण सरळ लिहिलं: १९८० च्या दशकात प्रक्रियेच्या नोंदी फारशा ठेवल्या नव्हत्या आणि ती जाणणारी जवळपास सगळी माणसं निवृत्त झाली होती किंवा सोडून गेली होती. नवा कारखाना उभा करून, जुनी कृती जमेल तेवढी जुळवून बघितली, तरी माल बरोबर उतरेना. या अडचणीवर ६.९ कोटी डॉलर खर्ची पडले.

उलगडा झाला तो मजेशीर होता. जुन्या काळी कच्च्या मालात एक अशुद्धी असायची. आता शुद्धीकरणाची पद्धत सुधारलेली, त्यामुळे ती निघून जात होती. आणि माल बरोबर होण्यासाठी नेमकी तीच अशुद्धी लागायची. ती लागते हे मूळच्या कामगारांनाही ठाऊक नव्हतं.

"मग हे तर माझ्याच बाजूचं झालं," मामा म्हणाले.

"अर्धं. अशुद्धी महत्त्वाची आहे हे कुणाला कळलं नव्हतं, बरोबर. पण कच्चा माल कुठून आला, कसा साफ केला, त्यात काय काय सापडलं, एवढं प्रत्येक बॅचला बांधून ठेवलेलं असतं, तर नव्या लोकांना दोन बॅचेसमधला फरक लवकर दिसला असता. ज्ञान लिहून ठेवा असं मी म्हणतच नाही, मामा. ज्ञान कशाला म्हणायचं ते पुढचा माणूस ठरवेल. तुम्ही हकिगत लिहा."

भाचीच्या एकूण बोलण्यातलं वजनदार वाक्य हेच होतं, कारण सिमँटिक तंत्रज्ञानाचे विक्रेते उलटंच सांगत फिरतात. ते कारखान्यांना सांगतात, तुमच्या जुन्या लोकांच्या डोक्यातलं ज्ञान आम्ही काढून देतो. माणसाच्या डोक्यातलं सगळं ज्ञान वाक्यांत उतरवायचा सर्वांत मोठा खटाटोप डग्लस लेनट यांच्या सायक प्रकल्पाने १९८४ पासून केला. सामान्य व्यवहारबुद्धीची लाखो विधानं हाताने लिहिली गेली, तरी ते काम संपलं नाही आणि जगभर पसरलंही नाही. १९९८ मध्ये सुरू झालेली जीन ऑन्टॉलॉजी मात्र आज जीवशास्त्रज्ञांच्या रोजच्या वापरात आहे. तिने माशी, उंदीर आणि यीस्ट यांच्या तीन माहितीसाठ्यांमध्ये जनुकांच्या कामाला एकच शब्द वापरायचा, एवढ्याच अटीवर सुरुवात केली होती.

पुण्यातही या वाटेवर काम झालं आहे. टीसीएसच्या, १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्राने गेल्या दशकात 'प्रीमॅप' नावाची प्रणाली उभी केली. पोलाद वितळवण्यापासून ओतणं, लाटणं, उष्णताप्रक्रिया, शेवटी तयार झालेला गिअर या सगळ्या टप्प्यांची सिम्युलेशनं एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून त्यांच्याखाली ऑन्टॉलॉजीचा पाया घातला. एका टप्प्यातून बाहेर पडणारा 'ग्रेन साइज' पुढच्या टप्प्याला कळेल अशाच अर्थाने पोचला पाहिजे, हा तिथला मुख्य प्रश्न. मामांनी ते नाव ऐकलं होतं. "मोठ्या स्टील कंपन्यांचं काम," एवढंच ते म्हणाले, आणि त्यात तथ्यही होतं.

दुपारी चहाच्या वेळी मामांनी स्वतःच रिजेक्शनचं रजिस्टर आणवलं. हे त्यांच्या बाजूने जाणारं नव्हतं, पण वादात जिंकण्यापेक्षा माल सुधारण्यात त्यांना जास्त रस असतो.

रजिस्टरमध्ये एकाच पंप बॉडीच्या पोकळीची नोंद होती. सकाळच्या पाळीत 'ब्लो होल'. दुपारच्या पाळीत 'गॅस'. रात्रपाळीत 'श्रिंकेज'. पोकळी फोडून बघितली तर फरक सांगता येतो. वायूमुळे झालेल्या पोकळीच्या भिंती गुळगुळीत, बहुधा चकचकीत असतात. रस आकसताना पुरवठा कमी पडून झालेल्या पोकळीच्या भिंती खडबडीत, काटेरी. उपायही उलटसुलट. वायू असेल तर वाळूतला ओलावा कमी करा, हवा जायला वाट ठेवा; आकसणं असेल तर जादा रस पुरवणारा रायझर मोठा करा. तीन पाळ्यांनी तीन नावं लिहिली, महिनाअखेरच्या तक्त्यात 'ब्लो होल' आणि 'गॅस' यांची बेरीज मोठी झाली आणि सगळे वाळूच्या मागे लागले. दोन महिने वाळू सुकवून झाली. रिजेक्शन तिथंच. मग कुणीतरी पोकळी करवतीने कापली. भिंती खडबडीत.

"हे मी तुला मुद्दाम दाखवतोय," मामा म्हणाले. "कारण हे तुझ्या ऑन्टॉलॉजीशिवाय सुटलं असतं. आंतरराष्ट्रीय अ‍ॅटलास आहे की दोषांचा."

आहे खरा. फाउंड्री संघटनांच्या आंतरराष्ट्रीय समितीने बनवलेल्या या अ‍ॅटलासची इंग्रजी आवृत्ती १९७४ पासून उपलब्ध आहे. त्यात दोषांची ए ते जी अशी सात कुळं आहेत: ए म्हणजे जादा वाढलेला धातू, बी म्हणजे पोकळ्या, सी म्हणजे भेगा आणि तुटी, आणि असंच पुढे जी म्हणजे आत अडकलेला मळ. प्रत्येक दोषाला क्रमांक, चित्र, ओळखण्याच्या खुणा. कॉम्प्युटर टेबलावर यायच्या आधी ओतकाम करणाऱ्या लोकांनी स्वतःसाठी बनवलेली ही ऑन्टॉलॉजीच म्हणायची. भाची म्हणाली तेही हेच: "मग ती वापरत का नाही तुम्ही?"

"कारण रात्री दोन वाजता इन्स्पेक्टरला बी-एकशे-अमुक आठवत नाही. आणि लिहिलं तर त्याला पगार जास्त मिळत नाही."

ही गोष्ट संशोधनाच्या निबंधांत फारशी सापडत नाही. भट्टीपाशी घाम गाळणाऱ्या माणसाने लिहिलं तर फायदा होतो तो तीन कंपन्या पलीकडे बसलेल्या विश्लेषकाचा. स्फटिकशास्त्रात हे कोडं नीट सुटलं, कारण तिथे मागणारा आणि देणारा एकाच बिरादरीतला. स्फटिकरचना लिहिण्यासाठी सीआयएफ ही फाइल त्या शास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९१ मध्ये जाहीर केली, संघटनेच्याच नियतकालिकांनी लेखासोबत ती मागायला सुरुवात केली, फाइल तपासायची साधनंही पुरवली. फाइल दिली नाही तर लेख छापत नाहीत. संशोधकाला लेख हवाच असतो. रात्रपाळीच्या इन्स्पेक्टरला असं काय हवं असतं?

मग मामांनी हुकमाचं पान टाकलं. नासाने २००९ मध्ये ऑर्बिटिंग कार्बन ऑब्झर्व्हेटरी आणि २०११ मध्ये ग्लोरी असे दोन उपग्रह टॉरस एक्सएल रॉकेटवरून सोडले. दोन्ही वेळा टोकावरचं आवरण सुटलं नाही आणि दोन्ही उपग्रह गेले. नुकसान ७० कोटी डॉलरच्या वर. नासाने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या तपासात सापडलं की आवरणाच्या सांध्यातलं अ‍ॅल्युमिनियम पुरवणाऱ्या ओरेगॉनच्या सापा प्रोफाइल्स कंपनीत १९ वर्षं ताकदीच्या चाचण्यांचे आकडे बदलून प्रमाणपत्रं दिली जात होती. "आता सांग. तो आकडा तुझ्या जाळ्यात घातला असता तर? मानक लिहिलेलं, यंत्र लिहिलेलं, गेज लेंग्थ लिहिलेली. सगळं कूळ शुद्ध आणि आकडा खोटा."

भाचीने हे मान्य केलं. फक्त एवढंच जोडलं, की यंत्रातून निघालेली ताणाची मूळ फाइल, बिंदू बिंदूची, प्रमाणपत्राला जोडण्याची सक्ती असेल तर एक आकडा बदलून भागत नाही, आख्खा आलेख खोटा काढावा लागतो. अवघड होतं, अशक्य नव्हे.

"आणि आता ते एआय आहेच की," मामा म्हणाले. "विचारलं की सांगतंय. मग हे विधानं जोडत कशाला बसायचं?"

या प्रश्नाला अलीकडचं उत्तर चांगलं आहे. बर्कलीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ३३ लाख शोधनिबंधांचे सारांश यंत्राला वाचायला दिले आणि त्यातून यंत्राने थर्मोइलेक्ट्रिक पदार्थांचे असे उमेदवार सुचवले जे नंतर खरोखर उपयोगी ठरले. तिथे कुणीही हाताने ऑन्टॉलॉजी लिहिली नव्हती. हे मामांच्या बाजूचं. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने २२ लाख नव्या स्फटिकांची यादी आणली, त्यातले ३,८०,००० च्या आसपास टिकाऊ ठरतील असं म्हटलं, आणि त्याच वेळी बर्कलीच्या यंत्रमानवी प्रयोगशाळेने १७ दिवसांत ५८ पैकी ४१ पदार्थ बनवल्याचं जाहीर केलं. दोनच महिन्यांत लंडनचे रॉबर्ट पॅलग्रेव्ह, प्रिन्स्टनच्या लेस्ली शूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पदार्थ तपासले आणि म्हटलं की यात नवं काहीच दिसत नाही. त्यांचा एक मोठा आक्षेप असा: पुष्कळ पदार्थ म्हणजे आधीच माहीत असलेली, अणूंच्या जागा विस्कळीत असलेली संयुगं होती, गणितात सगळे अणू आपापल्या जागी शिस्तीत मांडले गेले, म्हणून ती नवी वाटली. विस्कळीतपणा लिहायची सोयच त्या गणितात नव्हती. जे लिहायला जागा नाही, ते यंत्राच्या लेखी अस्तित्वात नसतं. त्याबाबतीत अ‍ॅटलास न वापरणारी रात्रपाळी आणि ही अत्याधुनिक प्रयोगशाळा यांत फार फरक नाही.

वाद मिटला नाही. पण मामांनी फर्नेसच्या लॉगशीटमध्ये तीन रकाने वाढवायचं कबूल केलं. मॅग्नेशियम टाकल्याची वेळ, त्या लॅडलमधला शेवटचा साचा ओतल्याची वेळ आणि दोषाचं अ‍ॅटलासमधलं अक्षर. पहिले दोन त्यांना स्वतःलाच हवे होते. एसजी लोखंडात मॅग्नेशियमचा परिणाम मिनिटागणिक उतरतो. दहा-बारा मिनिटांहून जास्त रेंगाळलं तर ग्रॅफाइटचे गोळे बिघडतात आणि लोखंड ठिसूळपणाकडे झुकतं. भाचीच्या यादीत चाळीस रकाने होते. ती तीनवर तयार झाली.

या जोडीत मामांच्या बाजूने तोलायचं तर एकाच कारणासाठी: खर्च कुणी सोसायचा. युरोपचा इकोडिझाइन नियम जुलै २०२४ पासून लागू झाला आहे आणि उत्पादनांच्या डिजिटल पासपोर्टसाठी त्याच्या पहिल्या यादीत लोखंड-पोलाद आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना असा पासपोर्ट १८ फेब्रुवारी २०२७ पासून सक्तीचा होणार. जर्मन मोटार कंपन्यांचं कटेना-एक्स हे माहितीचं जाळं पुरवठादारांपर्यंत पसरतं आहे. म्हणजे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांकडून आज ना उद्या हकिगत मागितली जाणारच, आणि ती लिहिण्याचा खर्च सध्या तरी ओतणाऱ्याच्याच गळ्यात आहे. कोल्हापुरातल्या उद्योजक संघटनांनी प्रत्येक ग्राहकाचं वेगळं एक्सेल भरत बसण्यापेक्षा दोषांची आणि हीटच्या नोंदींची एक सामायिक यादी मराठी-इंग्रजीत स्वतःच ठरवावी, ती फाउंड्र्यांच्याच मालकीची ठेवावी आणि ग्राहकांच्या मागण्या तिला जोडून घ्याव्यात. कोटेशनमध्ये कास्टिंगच्या दराखाली नोंदींच्या खर्चाची वेगळी ओळ टाकावी. खरेदीदार ती खोडून काढेल, हे धरून चालावं. पण निदान पुढच्या बोलणीत त्याला आपण काय फुकट मागतो आहोत ते माहीत असेल.